कुष्ठरोगाचा जंतू एकच, मग आजार दोन तऱ्हेचे का?

कुष्ठरोगाच्या तपासणीला आलेले दोन रुग्ण शेजारी शेजारी बसवले, तर त्यांना एकच आजार आहे यावर बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एकाच्या दंडावर फिकट रंगाचा एकुलता एक चट्टा असतो. कडा ठळक, मधला भाग कोरडा, तिथले केस गळालेले, तिथं घामही येत नाही. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर बॉलपेनचं टोक टेकवलं तर त्याला काही कळत नाही. कोपरामागचा मज्जातंतू चाचपला तर बोटाला जाड लागतो. दुसऱ्याच्या अंगावर असा ठळक चट्टा नसतो. चेहरा तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाड आणि गाठाळ, भुवयांचे बाहेरच्या टोकाकडचे केस विरळ. अंगावर सूज आली असेल म्हणून घरच्यांनीही बरेच महिने दुर्लक्ष केलेलं असतं.

दोघांच्या कातडीचा नमुना घेतला की फरक आणखी ठळक होतो. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरून रक्त मागे सारायचं, पात्याने साधारण ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल छेद द्यायचा, पातं आडवं करून आतून खरवडायचं आणि आलेला द्रव काचपट्टीवर पसरायचा. मग लाल रंग, आम्लाने धुणं, निळा रंग. पहिल्या रुग्णाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली निळीच दिसते, जंतू सापडत नाही. दुसऱ्याच्या काचपट्टीवर लाल काड्यांचे पुंजके असतात. कधी कधी एकाच दृश्यक्षेत्रात हजाराहून जास्त जंतू भरतात आणि तंत्रज्ञ अहवालावर ‘६+’ असं लिहितो.

जंतू मात्र दोघांचा एकच. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गेरहार्ड हान्सेन यांनी १८७३ मध्ये पाहिला तोच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. वेगवेगळ्या खंडांतल्या रुग्णांकडून मिळालेल्या या जंतूची जनुकं वाचली गेली तेव्हा त्यांत फरक अगदीच थोडा निघाला. म्हणजे एकाला सौम्य जंतू लागला आणि दुसऱ्याला जहाल, असं काही नाही. आजाराचं रूप रुग्णाच्या शरीरात ठरलं. त्यातही एका जातीच्या पेशीला कोणता निरोप मिळाला, यावर बरंचसं ठरलं. ती पेशी मॅक्रोफेज आणि तो निरोप सायटोकाइन. रोगप्रतिकार समजून घ्यायला मला कुष्ठरोगाइतकं बोलकं उदाहरण दुसरं दिसत नाही, म्हणून हा सगळा लेख त्याच्याच आधाराने लिहितो आहे.

गिळणं वेगळं, मारणं वेगळं

मॅक्रोफेज म्हणजे गिळणारी मोठी पेशी. इल्या मेच्निकॉव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथं समुद्रतारकेच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि त्याच्याभोवती फिरत्या पेशी जमलेल्या पाहिल्या. शरीरात शिरलेली परकी वस्तू पेशी गिळून टाकतात, हा विचार तिथून पक्का झाला आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण मॅक्रोफेजचं रोजचं काम जंतू गिळण्याचं नाहीच. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी म्हाताऱ्या होऊन बाद होतात. त्या गिळून, त्यांतलं लोह सोडवून पुन्हा वापरात आणण्याचं काम प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज करतात. फुप्फुसात त्या धूळ टिपतात, जखमेच्या जागी मेलेल्या पेशी उचलतात, मेंदूतही त्यांची एक जात आहे. काही गर्भात असतानाच त्या त्या अवयवात जाऊन राहिलेल्या असतात, काही रक्तातल्या मोनोसाइट पेशींपासून गरजेप्रमाणे तयार होतात. हे सगळं काम मुकाट्याने चालतं. ना सूज, ना ताप, ना लाली. शरीराला हे असंच हवं असतं, कारण म्हातारी तांबडी पेशी गिळताना प्रत्येक वेळी आग ओकायला लागलो तर आपण चार दिवस जगणार नाही.

म्हणून मॅक्रोफेजची मूळ वृत्ती शांत असते, आणि तिने एखादी गोष्ट गिळली म्हणजे ती मारलीच असं होत नाही. क्षयाचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू नेमका याचाच फायदा घेतात. मॅक्रोफेजने त्यांना गिळावं हीच त्यांची सोय असते. आत गेल्यावर, मारायचा हुकूम सुटलेला नसेल, तर त्यांना याहून सुरक्षित जागा नाही.

हुकूम कुठून येतो

मॅक्रोफेजच्या अंगावर जंतूंच्या खुणा ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. जंतूच्या भिंतीतले मेदयुक्त तुकडे, त्याचं डीएनए, अशा आपल्या शरीरात सहसा न सापडणाऱ्या गोष्टी ते ओळखतात. टोल ग्राहक हे त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं कुटुंब. त्यावरच्या कामासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. खूण पटली की पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेश जातो आणि ती काही प्रथिनं बनवून बाहेर सोडू लागते. हीच सायटोकाइनं.

इंटरल्यूकिन म्हणजे आयएल, इंटरफेरॉन, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर म्हणजे टीएनएफ, ही त्यांची घराणी. कोविडच्या काळात आयएल-६ ची तपासणी अनेक घरांना माहीत झाली, तेही एक सायटोकाइनच. त्याचा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं. आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचला की ताप चढतो. ताप जंतू आणतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो आपल्याच पेशींच्या निरोपाने येतो.

सायटोकाइनचा स्वभाव लक्षात घ्यायचा तर घरात मिरचीची फोडणी पडते तेव्हा काय होतं ते आठवावं. कढईपाशी उभं असणाऱ्याला ठसका लागतो, बाहेरच्या खोलीतल्याला भूक लागते, झोपलेल्या बाळाला जाग येते आणि वरच्या मजल्यावर नुसता वास जातो. फोडणी एकच, पण कोण किती जवळ आहे आणि कुणाची प्रकृती कशी आहे यावर परिणाम ठरतो. सायटोकाइनचंही तसंच. एकच टीएनएफ अगदी थोड्या प्रमाणात, जंतूच्या जवळ, मॅक्रोफेजला बळ देतं. तेच रक्तात भरमसाट पसरलं तर रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा अमुक सायटोकाइन चांगलं आणि तमुक वाईट असं लिहिलेलं कुठं दिसलं, तर तिथं थोडं थांबून वाचावं.

मॅक्रोफेजला मारायचा हुकूम मुख्यतः कोण देतं हे शोधायला बराच काळ लागला. जॉर्ज मॅकॅनेस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात उंदरांवर दाखवून दिलं की एखाद्या जंतूला तोंड दिलेल्या उंदराच्या मॅक्रोफेज जास्त मारक होतात, आणि हा मारकपणा नव्या उंदराला द्यायचा तर त्याला पहिल्या उंदराचं रक्तजल टोचून उपयोग नसतो, त्याच्या लिम्फ पेशी द्याव्या लागतात. म्हणजे हुकूम लिम्फ पेशींकडून, आजच्या भाषेत त्यांतल्याच टी पेशींकडून येत होता. तो नेमका कोणत्या प्रथिनातून येतो हे कार्ल नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं: इंटरफेरॉन गॅमा.

हा निरोप मिळाला की मॅक्रोफेज ओळखू येत नाही इतकी बदलते. जंतू ज्या पोकळीत दडलेला असतो तिच्यात आम्ल आणि पाचक द्रव्यं ओतली जातात. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात. जंतूला लागणारं लोह त्याच्यापासून तोडलं जातं. ड जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनतं. शिवाय मारलेल्या जंतूचे तुकडे आपल्या अंगावर मांडून ती ते टी पेशींना दाखवते आणि आयएल-१२ सोडते. आयएल-१२ मिळालं की टी पेशी आणखी इंटरफेरॉन गॅमा बनवते. दोन पेशी एकमेकींना चढवत जातात. वाचायला हे छान वाटतं, पण असं चढत जाणं कुठंतरी थांबवावं लागणार हेही इथंच दिसतं.

इंटरफेरॉन गॅमा नसेल तर काय होतं याचं उत्तर काही मुलांनी दिलं, आणि ते फार दुःखद होतं. १९९६ मध्ये अशा मुलांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, ज्यांच्या पेशींवर जन्मतःच इंटरफेरॉन गॅमाचा ग्राहक नव्हता. निरोप तयार होत होता, तो घेणारं कुणी नव्हतं. बाकी मुलांना ज्याने काही होत नाही अशा दुबळ्या मायकोबॅक्टेरियमने, एका बाळाच्या बाबतीत तर बीसीजीच्या लशीतल्या जंतूने, त्यांच्या अंगभर आजार पसरला. एका रेणूच्या अभावाने एवढं होऊ शकतं.

थांबवणारे निरोप

मॅक्रोफेजला दुसऱ्या तऱ्हेचे निरोपही येतात. आयएल-४ आणि आयएल-१३ मिळालं की ती जखम भरायच्या, पेशीजाल बांधायच्या कामाला लागते. पोटातल्या जंतांविरुद्धही हाच सूर उपयोगी पडतो, कारण एवढा मोठा जंत गिळता येत नाही, त्याला कोंडावं लागतं. आयएल-१० हा सरळ ‘आवरतं घ्या’ असा निरोप आहे. तो नसेल तर आतड्यात रोज भेटणाऱ्या निरुपद्रवी जीवाणूंवरही शरीर पेटून उठतं. आयएल-१० चं काम बिघडलेल्या लहान मुलांना जन्मानंतर काही महिन्यांतच आतड्याचा तीव्र दाह होतो.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना एम-१ आणि एम-२ असे दोन कप्पे करतात, पहिली मारणारी आणि दुसरी डागडुजी करणारी. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. खऱ्या पेशीजालात मॅक्रोफेजना एकाच वेळी चार-पाच निरोप मिळत असतात आणि त्यांची रूपंही तेवढीच मिश्र असतात. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असंही होतं. टी पेशींचे दोन गट असतात, एक इंटरफेरॉन गॅमा सोडणारा आणि एक आयएल-४ सोडणारा, हे मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींत दाखवलं. माणसात खरोखर असं काही असतं का, हा प्रश्न तेव्हा उघडा होता. त्याचं एक ठोस उत्तर कुष्ठरोग्यांच्या कातडीतून मिळालं.

त्या दोन रुग्णांच्या कातडीत

लॉस एंजेलिसमधल्या रॉबर्ट मॉडलिन यांच्या गटाने १९९१ मध्ये दोन्ही तऱ्हेच्या रुग्णांच्या कातडीचे तुकडे घेऊन त्यांत कोणत्या सायटोकाइनचे आदेश लिहिले जात आहेत ते मोजलं. एका चट्ट्याच्या रुग्णात, ज्याला ट्यूबरक्युलॉइड कुष्ठरोग म्हणतात, आयएल-२ आणि इंटरफेरॉन गॅमा भरपूर होतं. जाड कानांच्या रुग्णात, म्हणजे लेप्रोमॅटस प्रकारात, आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१० चढलेलं होतं. जंतू एक, निरोप उलटे.

पहिल्याच्या कातडीत मॅक्रोफेज सक्रिय होऊन एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, मध्ये टी पेशी आणि भोवती टी पेशींचं कडं. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जंतू जवळजवळ संपलेला असतो. दुसऱ्याच्या कातडीत मॅक्रोफेज खच्चून भरलेल्या, फुगलेल्या, मेदाच्या थेंबांनी फेसाळ दिसणाऱ्या असतात आणि प्रत्येकीच्या पोटात जंतूंचे पुंजके. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो यांनी वर्णन केलेल्या या पेशींना आजही त्यांचंच नाव आहे.

या फेसाळ पेशींबद्दल २००९ मध्ये त्याच गटाने जे शोधलं ते मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. आयएल-१० ने मॅक्रोफेज आळशी होत नाही. उलट तिची गिळण्याची क्षमता वाढते. ती जंतू जास्त गिळते, मेद जास्त साठवते, पण मारण्याची यंत्रणा मात्र सुरू करत नाही. आयएल-१५ मिळालेली मॅक्रोफेज ड जीवनसत्त्वाची मारक वाट चालू करते. गिळणं आणि मारणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळ्या निरोपांवर चालतात, हे इथं माणसाच्याच कातडीत दिसलं. कुष्ठरोगाच्या जंतूला मेद हवाच असतो. आपल्या पेशीने भरलेल्या कोठारात तो दर १२ ते १४ दिवसांनी एकदा दुप्पट होत, निवांत वाढतो. लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं आणि कधी वीस वर्षंही लागतात ती या संथपणामुळे.

लेप्रोमॅटस रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते असं सर्रास म्हटलं जातं. ते वाक्य माझ्या मते रुग्णावर अन्याय करणारं आहे आणि वैज्ञानिकदृष्ट्याही अर्धवट आहे. त्याच्या रक्तात कुष्ठजंतूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, पहिल्या रुग्णापेक्षा कितीतरी जास्त असतात. इतर जंतूंना त्याचं शरीर नेहमीसारखंच तोंड देतं. मुका राहतो तो फक्त या एका जंतूपुढे. प्रतिपिंडांचा इथं उपयोग नाही, कारण ती पेशीच्या बाहेर फिरतात आणि जंतू पेशीच्या आत बसलेला असतो. त्याचं शरीर अशक्त नाही, खाणंपिणं कमी पडलं म्हणून हे झालं नाही, आणि कुठल्याही पापाचं तर ते फळ अजिबात नाही.

मग कुणाला कोणता निरोप मिळेल हे कशावर ठरतं? काही भाग जनुकांत असतो. २००९ मध्ये चीनमध्ये झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात जंतूच्या भिंतीचे तुकडे ओळखणाऱ्या नॉड-२ या जनुकाशी संबंध सापडला. काही भाग जंतूच्या स्वतःच्या रसायनांचा असतो, काही संसर्ग किती आणि किती वेळा झाला याचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये हा प्रश्न येतच नाही. त्यांच्या मॅक्रोफेज आणि टी पेशी जंतूचा सुरुवातीलाच निकाल लावतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. वरोड्याचं आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात कुष्ठजंतू टोचून घेतले होते, त्यांना आजार झाला नाही. त्या काळी लोक कुष्ठरोग्याची सावलीही टाळत होते. सायटोकाइनचं हे शास्त्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण बहुतेक निरोगी शरीरं या जंतूला पुरून उरतात हे सेवा करणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मारणाऱ्या निरोपाची किंमत

इथपर्यंत वाचून असं वाटेल की पहिला रुग्ण नशीबवान. जंतू जवळपास नाही, एकच चट्टा. पण त्याचा चट्टा बधिर आहे आणि मज्जातंतू सुजलेला आहे. जंतू संपवायला पुढे आलेल्या मॅक्रोफेजनीच मज्जातंतूचं आवरण खाल्लेलं असतं. वडोदऱ्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१७ मध्ये झेब्राफिशच्या पारदर्शक अळ्यांमध्ये हे घडताना पाहिलं. कुष्ठजंतूच्या भिंतीतल्या एका खास मेदद्रव्यामुळे चेतलेल्या मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि शेजारच्या मज्जातंतूला त्याची झळ बसते. मारायचं हत्यार आणि इजा करणारं हत्यार एकच.

बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतात. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये पाच पायऱ्यांची जी वर्गवारी केली तिच्या मधल्या तीन पायऱ्या अस्थिर आहेत. तिथले रुग्ण सरकतात. सरकताना अचानक इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ उसळलं, तर एरवी शांत पडलेले चट्टे एका आठवड्यात लाल होतात, सुजतात, हातापायांना सूज येते आणि मज्जातंतू इतका दुखतो की मनगट टेबलाला टेकवता येत नाही. याला पहिल्या प्रकारची रिअॅक्शन म्हणतात. दुसऱ्या प्रकारची लेप्रोमॅटस टोकाला होते: ताप, सांधेदुखी, दुखऱ्या लाल गाठी, डोळ्याला दाह. तिच्यात प्रतिपिंडं आणि जंतूचे तुकडे यांची पुटं बसतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि टीएनएफ पुन्हा चढलेलं असतं.

मग लेप्रोमॅटस रुग्णाला बाहेरून इंटरफेरॉन गॅमा दिलं तर? हा प्रश्न कुणालाही सुचेल, आणि तो प्रयोग झालेला आहे. १९८६ मध्ये नेथन, गिला कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कातडीत थोडंसं इंटरफेरॉन गॅमा टोचलं. त्या जागी पेशी जमल्या, मॅक्रोफेज जाग्या झाल्या, जंतूही कमी झाले. उपचार सापडला असं वाटण्यासारखंच ते होतं. पण हेच इंजेक्शन बरेच महिने देऊन पाहिलं तेव्हा, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, निम्म्याहून अधिक रुग्णांना दुसऱ्या प्रकारची रिअॅक्शन झाली. निरोप बरोबर होता, पण जंतूंनी खचाखच भरलेल्या शरीरात तो सगळीकडे एकदम पोचला.

उलटा धडाही मिळाला. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वापरात आलं. सांधे सुजवणारं टीएनएफ बंद झाल्याने रुग्णांना खूप आराम पडला. २००१ मध्ये मात्र हे औषध घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. अनेकांच्या शरीरात क्षयाचा जंतू वर्षानुवर्षं ग्रॅन्युलोमात कोंडलेला होता आणि ती भिंत टिकवायला टीएनएफच लागत होतं. म्हणून आज भारतात असं औषध सुरू करण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात. २००६ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या दोन रुग्णांत कुष्ठरोग आढळला, आणि औषध थांबवल्यावर, टीएनएफ पुन्हा मोकळं होताच, दोघांनाही पहिल्या प्रकारची रिअॅक्शन आली. निरोप अडवला तेव्हा आजार वर आला, निरोप सोडला तेव्हा दाह उसळला.

थॅलिडोमाइडची गोष्टही इथलीच. गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये हे औषध बाजारातून काढलं गेलं. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनने तळमळणाऱ्या कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून ते दिलं आणि त्याच्या वेदना आणि गाठी झपाट्याने ओसरल्या. हे का झालं याचं एक कारण १९९१ मध्ये कॅप्लन यांच्याच प्रयोगशाळेत कळलं: थॅलिडोमाइड मोनोसाइटमधून निघणारं टीएनएफ कमी करतं. मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते देताना आजही अत्यंत कडक काळजी घ्यावी लागते.

हे सगळं माहीत असताना ‘इम्युनिटी वाढवा’ अशी चूर्णं आणि काढे विकणारे लोक नेमकं काय वाढवणार आहेत, असा प्रश्न मला तळमळीने विचारावासा वाटतो. इंटरफेरॉन गॅमा वाढवणार की आयएल-१०? कातडीत की रक्तात? रिअॅक्शन आलेल्या रुग्णाचं टीएनएफ वाढवलं तर त्याचा हात कायमचा जाईल. रोगप्रतिकार हा एका खुंटीने वरखाली करायचा प्रकार नाही. कुष्ठरोगाच्या रुग्णांनी असली काही उत्पादनं औषधाच्या जोडीला सुरू करण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.

औषधं संपल्यावर

कुष्ठरोग बरा होतो. रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन ही बहुविध औषधं जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली आणि ती सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुसंख्य जंतू मरतात, त्यामुळे उपचार सुरू झालेल्या रुग्णाला वेगळं ठेवायचं काही कारण नाही.

पण जंतू मरणं म्हणजे तो शरीरातून जाणं नव्हे. मेलेल्या जंतूंची मेदाळ भिंत त्याच फेसाळ मॅक्रोफेजच्या पोटात पडून राहते, कारण त्या गिळतात आणि साठवतात, पचवत नाहीत. ६+ असलेली काचपट्टी बारा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाल्यावरही स्वच्छ नसते. वर्षाला साधारण एका अंकाने किंवा त्याहून कमी असा तो आकडा उतरतो. या उरलेल्या तुकड्यांवर शरीराची नजर पुन्हा पडली की रिअॅक्शन येऊ शकते, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही काही वर्षं. रुग्णाला वाटतं औषध लागू पडलं नाही, किंवा औषधामुळेच हे झालं, आणि चालू गोळ्या तो बंद करतो. घरचे म्हणतात आजार उलटला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जंतू मेलेला असतो आणि दाह निरोपांचा असतो. त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. ते मॅक्रोफेज आणि टी पेशींकडून निघणारी दाहक सायटोकाइनं कमी करतं. जंतूची औषधं चालू असतील तर ती चालूच ठेवायची, प्रेडनिसोलोन जोडीला घ्यायचं आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवायचं. मध्येच आपल्या मनाने सोडायचं नाही.

वेळ इथं फार मोलाची आहे. मज्जातंतूची ताकद गेल्याला सहा महिने व्हायच्या आत उपचार सुरू झाले तर ती परत यायची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती घटत जाते. म्हणून औषधाचं शेवटचं पाकीट देताना रुग्णाला घरी करायच्या चार तपासण्या हात धरून शिकवाव्यात असं मला वाटतं. डोळे अलगद मिटून बघायचं, पापणी पूर्ण टेकते का. करंगळी बाजूला पसरून दुसऱ्या हाताने दाबायची, ती टिकते का. तळहात वर करून अंगठा छताकडे उभा करायचा, दाबल्यावर पडतो का. खुर्चीत बसून टाच जमिनीला ठेवून चवडा उचलायचा, दोन्ही पाय सारखे उचलले जातात का. कालपेक्षा आज यांतलं काही कमी झालं, जुना चट्टा अचानक लाल झाला किंवा कोपर, मनगट, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा.